हंगामात रोज संध्याकाळी अडकणारा डेटाबेस सर्व्हर: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या बागायतदारांचा हापूस एकत्र करून विकणारी ही एक संस्था. नावं, गावं आणि संस्थेचे आकडे ओळख पटू नये इतके बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि तांत्रिक कारणं मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत.

2018 मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आणि पेटी नेमकी कुठल्या बागेतली, हे दाखवता येण्याला महत्त्व आलं. संस्थेने प्रत्येक पेटीवर क्यूआर कोड लावायला सुरुवात केली. बागेतून माल आला की एक स्कॅन, प्रतवारी होऊन चार, पाच, सहा डझनी पेटी बांधली की दुसरा, गाडीत चढली की तिसरा. स्कॅन साध्या मोबाइलवर व्हायचे. देवगडपासून पावसपर्यंतची सगळी केंद्रं एकाच डेटाबेसला जोडलेली होती. डेटाबेस पोस्टग्रेस, सर्व्हर आठ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरचा स्वतंत्रपणे काम करणारा भाग), नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला.

वाशीच्या बाजारात पहाटे माल उतरवायचा तर गाड्या संध्याकाळी भरून रात्री मुंबई-गोवा महामार्गाला लागल्या पाहिजेत. म्हणजे दिवसातलं सगळ्यात जास्त काम संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात. एप्रिलच्या मध्यापासून, अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे, त्या तीन तासांत वीस हजारांच्या आसपास पेट्या हलायच्या.

तांत्रिक बाजू सांभाळायला रत्नागिरीच्या कार्यालयात एक तरुण प्रशासक होती, आणि सॉफ्टवेअर लिहून देणारी बाहेरची एक कंपनी. मी त्या हंगामात या प्रशासकाबरोबर देखरेखीच्या बाजूने काम करत होतो.

अडचण

साधारण साडेसहाच्या सुमाराला स्कॅन करणाऱ्याच्या फोनवर गोल चक्र फिरायला लागायचं. पावणेसातपर्यंत चलन छापायचा पडदासुद्धा उघडायचा नाही. चलनाशिवाय गाडी सोडता येत नाही, म्हणून चालक खोळंबलेले आणि हमाल भरलेल्या गाडीला टेकून उभे. आंबा तर कोणासाठी थांबत नाही. दोन-तीन केंद्रांनी हाताने वहीत लिहून गाड्या सोडल्या. त्या नोंदी रात्री उशिरा पुन्हा भरताना चुका झाल्या आणि बागायतदारांच्या पट्ट्यांत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदांत, फरक यायला लागले. व्यवस्थापनाला खरा धक्का त्या फरकांनी बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं सुरळीत. कोणी काही दुरुस्त केलेलं नसताना.

देखरेखीसाठी डेटा सेंटरचा एक तयार फलक होता. त्यावर सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांचे पाच-पाच मिनिटांच्या सरासरीचे आलेख दिसायचे. सगळं अडकलेलं असताना त्या फलकावर सीपीयू तीस टक्के, डिस्क जवळजवळ रिकामी, मेमरी भरपूर. सॉफ्टवेअर कंपनीने फलकाचं चित्र पाठवून कळवलं, "सर्व्हर निवांत आहे, तुमच्या केंद्रांचं नेटवर्क तपासा." केंद्रांवर त्याच फोनवर व्हिडिओ विनाअडथळा चालत होते.

आठ कोअरच्या सर्व्हरवर एक कोअर पूर्ण भरला तरी एकूण आलेख साडेबारा टक्केच वर जातो. काम एकामागून एकच होण्यासारखं असेल तर उरलेले सात कोअर नुसते बघत राहतात आणि फलक हिरवा राहतो. व्यस्त डेटाबेसवर नजर ठेवणाऱ्याने हे गणित पाठ ठेवावं असं मला मनापासून वाटतं, कारण "सर्व्हर निवांत आहे" या एका वाक्यावर इथे कितीतरी संध्याकाळी वाया गेल्या.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय जोडण्या वाढवायचा. पोस्टग्रेसमध्ये एका वेळच्या जोडण्यांची मर्यादा मुळात 100 असते. संध्याकाळी ती भरत होती, म्हणून कंपनीने ती 300 केली. त्याने इतकंच झालं की शंभर विनंत्या अडकायच्या तिथे तीनशे अडकायला लागल्या. मर्यादा भरणं हे लक्षण होतं. रांग लांब होते म्हणून दार रुंद केलं, पण आतला वजनकाटा एकच होता.

दुसरा पर्याय सोळा कोअरचा सर्व्हर घ्यायचा. व्यवस्थापनाचा कल इकडेच होता, आणि तो समजण्यासारखाही होता: पैसे द्यायचे आणि हंगाम वाचवायचा. प्रशासकाने त्यांच्यापुढे एकच प्रश्न ठेवला. आहे त्या आठ कोअरपैकी पाचांहून जास्त रिकामे असताना आणखी आठ आणून काय फरक पडेल? निर्णय आठवडाभर पुढे ढकलला गेला. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मी हाच मानतो.

तिसरा पर्याय अहवालांसाठी वेगळी प्रत, म्हणजे रेप्लिका, उभी करायचा. विचार चांगला होता, पण प्रत फक्त वाचण्यापुरती असते. संस्थेचा अहवालाचा प्रोग्राम उघडताक्षणी "अमुक माणसाने अहवाल पाहिला" अशी नोंद डेटाबेसमध्ये लिहितो, त्यामुळे प्रतीवर तो उघडलाच नसता. ही नोंद पुढे फार महत्त्वाची ठरली.

चौथा पर्याय आधी मोजायचं, मग हात लावायचा. तो निवडला गेला.

मोजमाप कसं बसवलं

तयार फलक सर्व्हर किती कामात आहे ते सांगत होता. काम कुठे थांबलंय, हे आम्हाला हवं होतं. पोस्टग्रेसमध्ये ते आतूनच विचारता येतं. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी या दृश्यात प्रत्येक जोडणी आत्ता काय करतेय, कशाची वाट बघतेय आणि तिचा व्यवहार (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारा कामांचा संच) कधी सुरू झाला, हे सगळं दिसतं. अडचण एवढीच की ते फक्त या क्षणाचं चित्र असतं, मागचं काही राहत नाही. म्हणून प्रशासकाने एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. दर पंधरा सेकंदांनी ते चित्र वेळेसकट एका फाइलमध्ये पडायला लागलं.

सोबत दोन गोष्टी चालू केल्या. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ घेणारी प्रत्येक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, लॉगमध्ये यावी, आणि एक सेकंदापेक्षा जास्त काळ कुलपासाठी (एक ओळ एका वेळी एकानेच बदलावी म्हणून असलेल्या लॉकसाठी) थांबलेल्या जोडणीचीही नोंद व्हावी. या दोन्हींना सर्व्हर बंद-चालू करावा लागत नाही. पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स हे क्वेरींची आकडेवारी ठेवणारं विस्तारक मात्र रीस्टार्टशिवाय बसत नाही. ते शेवटची गाडी सुटल्यावर, मध्यरात्रीनंतर बसवलं.

रीस्टार्टने सगळ्या जोडण्या तुटतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळं नीट चाललं असतं तर श्रेय रीस्टार्टचं की आणखी कशाचं, हे कळलं नसतं. म्हणून पुढच्या संध्याकाळपर्यंत इतर काहीही बदलायचं नाही असं ठरलं. दुसऱ्या संध्याकाळी सर्व्हर पुन्हा अडकला. निदान रीस्टार्ट हा इलाज नाही, एवढं पक्कं झालं.

फाइलमध्ये काय दिसलं

साडेसहानंतरच्या प्रत्येक चित्रात एकच रचना. एक जोडणी काम करतेय, एक तिचा व्यवहार संपायची वाट बघतेय, आणि बाकीच्या ढिगाने "टपल" या कुलपाच्या रांगेत. सगळ्यांना एकच ओळ हवी होती. "आजची एकूण आवक-जावक" अशी एक चिमुकली सारणी होती. केंद्र आणि प्रतवारीनुसार चाळीसेक ओळी, त्यात एक ओळ संपूर्ण दिवसाच्या बेरजेची. कुठल्याही केंद्रावरचा प्रत्येक स्कॅन त्या बेरजेच्या ओळीत एक मिळवायचा.

मग लॉग सकाळपासून लावून पाहिला. सकाळी ती ओळ बदलायला एक-दोन मिलिसेकंद लागत होते, दुपारी तीसेक, पाच वाजता सत्तर, साडेसहाला सव्वाशेच्या पुढे.

संध्याकाळी सेकंदाला आठ स्कॅन धरा. एकाला 100 मिलिसेकंद लागत असतील तर प्रत्येक सेकंदात 0.8 सेकंदाचं काम येतं. चालून जातं, कोणाला कळतही नाही. एकाला 130 लागले की सेकंदात 1.04 सेकंदाचं काम. आता रांग संपणारच नाही, दर सेकंदाला थोडी वाढतच जाणार. वेग दिवसभर हळूहळू उतरत होता, पण लोकांना मात्र तो एकदम पडल्यासारखा दिसायचा, तो यामुळे. आठच्या दराने सीमारेषा 125 मिलिसेकंदांवर येते आणि सर्व्हर ती रोज साडेसहाच्या सुमाराला ओलांडत होता.

राहिला प्रश्न एवढाच: चाळीस ओळींची सारणी दिवसभरात जड का होते?

पोस्टग्रेस ओळ बदलताना जुनी ओळ जागेवर खोडत नाही. नवी आवृत्ती लिहितो आणि जुनी तशीच ठेवतो, कारण आधी सुरू झालेल्या एखाद्या व्यवहाराला ती अजून दिसायला हवी असू शकते. कोणालाच नको असलेल्या मृत ओळी ऑटोव्हॅक्युम नावाची प्रक्रिया मागाहून झाडते. प्रशासकाने पीजी_स्टॅट_यूझर_टेबल्समध्ये बघितलं. जिवंत ओळी चाळीस, मृत ओळी चाळीस हजारांच्या वर. बेरजेची एक ओळ शोधताना डेटाबेसला तिच्या हजारो मेलेल्या आवृत्त्या ओलांडाव्या लागत होत्या.

इथे कंपनीच्या माणसाने शेजारचा रकाना दाखवला: शेवटचा ऑटोव्हॅक्युम एका मिनिटापूर्वी. म्हणजे झाडू फिरतोय, मग दोष दुसरीकडे शोधा, असं त्याचं म्हणणं. पुष्कळ जण इथेच थांबतात. तो रकाना व्हॅक्युम कधी झाला ते सांगतो, किती उचललं ते सांगत नाही. ऑटोव्हॅक्युमचा लॉग चालू केल्यावर खरं कळलं: उचललेल्या ओळी शून्य, आणि मृत पण अजून काढता न येणाऱ्या ओळी चाळीस हजारांवर. दर मिनिटाला प्रक्रिया येत होती आणि रिकाम्या हाताने परत जात होती. कुठलातरी जुना व्यवहार उघडा राहिला होता.

देवगडहून आलेला फोन

त्याच दिवसांत देवगडच्या केंद्रावरच्या मुकादमांचा फोन आला. तक्रार सांगून झाल्यावर ते जाता जाता म्हणाले, "गो बाय, दुपारची लाइट गेली काय सांजचा तुमचा सॉफ्टवेअर बरा चलता."

प्रशासकाने हे हसण्यावारी नेलं नाही. केंद्रांच्या व्हॉट्सॲप गटात वीज जाण्याचे निरोप असतातच. अवकाळीचे ढग जमले की वीज जाणं ही एप्रिल-मेमधली ठरलेली गोष्ट. त्या निरोपांच्या वेळा तिने संध्याकाळच्या लॉगशेजारी लावल्या. रत्नागिरीत दुपारी बाराएकला बराच वेळ वीज गेलेली असेल तर संध्याकाळ सुरळीत. वीज पाचनंतर गेली असेल तर काहीच फरक नाही. पहिली शंका स्वाभाविक होती की वीज नसल्याने कामच कमी झालं असेल. पण स्कॅन मोबाइल डेटावर होत होते आणि त्या दिवशीही पेट्यांची संख्या नेहमीइतकीच होती.

म्हणजे रत्नागिरीच्या कार्यालयातलं काहीतरी वीज गेल्याने बंद पडत होतं, आणि त्याचा परिणाम सर्व्हरपर्यंत पोचायला दोनेक तास लागत होते. हे दोन तास लिनक्सच्या मूळ मांडणीतून येतात. समोरचा संगणक अचानक गेला तर सर्व्हरला ते लगेच समजत नाही. 7200 सेकंद जोडणी गप्प राहिली की तो चाचपणी करतो, मग 75 सेकंदांच्या अंतराने 9 वेळा विचारतो आणि मगच जोडणी मेली असं मानतो. एकूण जास्तीत जास्त सुमारे 2 तास 11 मिनिटं. एक वाजता वीज गेली तर तीन वाजून गेल्यावर जोडणी तुटायची, मृत ओळी झाडल्या जायच्या आणि संध्याकाळ मोकळी मिळायची. साडेपाचला गेली तर तोवर खोळंबा होऊन गेलेला.

पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत सगळ्यात जुन्या व्यवहाराची वेळ पाहिली: सकाळी नऊ वाजून काही मिनिटं. स्थिती "आयडल इन ट्रान्झॅक्शन", म्हणजे व्यवहार उघडा पण काम काही चालू नाही. आयपी पत्ता हिशेब विभागातल्या संगणकाचा.

हिशेबाचे काका रोज सकाळी आल्यावर कालच्या आवकेचा अहवाल उघडायचे. प्रोग्राम "अहवाल पाहिला" ही नोंद लिहायचा, अहवाल आणून दाखवायचा आणि खिडकी बंद होईपर्यंत व्यवहार पूर्ण करायचाच नाही. नोंद लिहिल्यामुळे त्या व्यवहाराला स्वतःचा क्रमांक मिळालेला असायचा. तो क्रमांक उघडा आहे तोवर त्यानंतर मेलेली एकही ओळ काढायची नाही, हा पोस्टग्रेसचा नियम. काही न लिहिता नुसतंच वाचलं असतं तर नेहमीच्या मांडणीत इतकं अडलं नसतं. या व्यवहाराने कोणालाही थेट अडवलं नव्हतं, म्हणून कुलपांच्या यादीत तो कधी आलाच नाही.

केलेली कृती

जोडणी सर्व्हरवरून तोडणं एका आज्ञेचं काम होतं. प्रशासकाने आधी काकांना फोन केला. "काका, तो अहवाल उघडा आहे तो जरा बंद करता का? मी इकडे बघतेय." त्यांनी खिडकी बंद केली. पुढच्या एक-दोन मिनिटांत ऑटोव्हॅक्युम आला आणि या खेपेला चाळीस हजार ओळी उचलून गेला. बेरजेची ओळ बदलायचा वेळ पुन्हा दोन मिलिसेकंदांवर. संध्याकाळी सहाची वेळ होती आणि त्या दिवशी सगळ्या गाड्या चलनासकट वेळेवर सुटल्या.

आज्ञेने तोडण्याऐवजी फोन करण्यात एक हेतू होता. काकांनी खिडकी का उघडी ठेवली हे विचारता आलं. अहवाल उघडायला त्यांना दोन-तीन मिनिटं लागायची, आणि दिवसभर बागायतदार फोन करून विचारायचे, "काल माझ्या किती पेट्या गेल्या? पाच डझनीला भाव काय मिळाला?" दर वेळी तीन मिनिटं माणसाला ताटकळत ठेवण्यापेक्षा खिडकी उघडी ठेवणं, हे त्यांचं वागणं पूर्ण बरोबर होतं. चूक प्रोग्रामची होती.

अहवालाचा प्रोग्राम डेटाबेसमधल्या ज्या भूमिकेने, म्हणजे खात्याने, जोडला जायचा, त्या भूमिकेच्या जोडण्यांना दहा मिनिटांची मर्यादा घातली. व्यवहार उघडा ठेवून दहा मिनिटं निवांत राहिलेली जोडणी डेटाबेस स्वतःच तोडतो. ही सोय पोस्टग्रेसच्या 9.6 या 2016 च्या आवृत्तीपासून आहे, पण मुळात बंद असते. ती संपूर्ण सर्व्हरला न लावता फक्त अहवालाच्या भूमिकेला लावली, कारण रात्री चालणाऱ्या पट्टी-हिशेबाच्या कामाला मधे थांबे होते आणि ते तुटलं असतं. काकांसाठी त्याच आठवड्यात एक साधा शोध-पडदा करून दिला: बागायतदाराचं नाव घाला, कालच्या पेट्या आणि भाव समोर. अहवालाची नोंद लिहून झाल्याबरोबर व्यवहार पूर्ण करायची दुरुस्ती कंपनीने काही दिवसांनी दिली.

जोडण्यांची मर्यादा पुन्हा 100 वर आणली. बेरजेची ओळ काढून टाकून प्रत्येक स्कॅनची स्वतंत्र नोंद करायची आणि बेरीज मागितल्यावर करायची, हा मूळ उपाय हंगामात करायचा नाही असं ठरलं. भर गर्दीत सारणीची रचना बदलणं नको, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

परिणाम

त्या हंगामात संध्याकाळचा खोळंबा पुन्हा झाला नाही. सोळा कोअरचा सर्व्हर घेतला नाही.

देखरेखीचा फलक मात्र बदलला. सीपीयूचे आलेख आहेत, पण खाली गेले. वरच्या ओळीत आता चार आकडे आहेत: सगळ्यात जुना उघडा व्यवहार किती वेळाचा, कुलपासाठी किती जोडण्या थांबल्यात, बेरजेच्या सारणीत मृत ओळी किती, आणि चलन छापायला शेवटच्या दहा मिनिटांत जास्तीत जास्त किती वेळ लागला. चौथ्या आकड्यासाठी सरासरी घ्यायची नाही, यावर प्रशासक ठाम राहिली. शंभरातली पाच चलनं अर्धा मिनिट अडकली तरी सरासरी दोन सेकंदांच्या आसपासच राहते, आणि त्या पाच गाड्या मात्र उभ्याच असतात. जुना व्यवहार पंधरा मिनिटांच्या पुढे गेला की तिच्या फोनवर निरोप येतो. पहिल्याच आठवड्यात असा निरोप दोनदा आला. दोन्ही वेळा कंपनीच्याच माणसाने चाचणीची खिडकी उघडी ठेवलेली होती.

वेगळं काय करता आलं असतं

पंधरा सेकंदांची ती स्क्रिप्ट मार्चमध्येच लावता आली असती. तिला रीस्टार्ट लागत नाही, सर्व्हरवर तिचा भार नगण्य, आणि वहीत नोंदी करायची वेळ आली नसती. विस्तारकही हंगामाआधीच बसवून ठेवायला हवं होतं. शांत दिवसांतली मोजमापं हाताशी नसल्यामुळे "पूर्वी एक मिलिसेकंद लागायचा" हे सिद्ध करायला पहिले काही दिवस गेले.

ऑटोव्हॅक्युमचा लॉग आधीपासून चालू असता तर झाडू फिरतो की नाही हा वाद झालाच नसता. या सर्व्हरला प्रत लावलेली नव्हती, पण जिथे असते तिथे सोडून दिलेले रेप्लिकेशन स्लॉट (प्रत कुठवर पोचली याची सर्व्हरवरची खूण), आणि प्रत असो वा नसो, अर्धवट राहिलेले प्रिपेअर्ड व्यवहार (पूर्ण करायचे की रद्द, हे ठरायचे राहिलेले) अशाच मृत ओळी धरून ठेवू शकतात. जुन्या व्यवहाराच्या इशाऱ्यात त्यांची तपासणी धरली नाही तर इशारा अपुरा पडतो.

केंद्रांवरून येणारी निरीक्षणं लिहून ठेवायला जागाच नव्हती. तक्रार फोनवर यायची आणि फोनबरोबर संपायची. मुकादमांच्या बोलण्यातला "दुपारची" हा शब्द त्या दिवशी कोणी टिपला नसता तर दोन तासांचा उशीर कशामुळे, हे शोधायला बराच वेळ लागला असता. आता केंद्रांच्या गटात आलेली अशी वाक्यं प्रशासक जशीच्या तशी, वेळेसकट, लॉगशेजारच्या फाइलमध्ये उतरवते.

बेरजेची ओळ अजून आहे. ती काढायचं काम गणपतीनंतर सुरू करून पुढच्या हंगामाची पहिली पेटी बांधण्याआधी चाचणीसकट संपवायचं, असं कंपनीशी लेखी ठरलं आहे.